वेस्टमाले डुबेल: तापमान, ग्लास, तळाचा गाळ आणि साठवण

रानवारा

नेदरलँड्स-बेल्जियममध्ये राहणाऱ्यांना ही बिअर माहीत असेलच: गडद तपकिरी वेस्टमाले डुबेल, ७%, ३३ सेंटिलिटरची बाटली, सुपरमार्केटात साधारण दोन युरोंच्या आसपास. एवढ्या पैशांत इतकी भरीव चव देणारी दुसरी बिअर सहज सापडत नाही. पण ती प्यायची कशी, याबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो.

फ्रिजमधून काढल्या काढल्या प्यायली तर चव दबलेली लागते, म्हणून बाहेर काढून ठेवायची का आणि किती वेळ? तळाशी यीस्टचा गाळ असतो, तो ग्लासात घ्यायचा की बाटलीतच सोडायचा? रंग इतका काळपट असूनही स्टाउटसारखी (ती काळी बिअर) कॉफीची चव का नाही? मनुका-अंजिरासारखं काहीतरी लागतं, म्हणजे यात फळं घालतात का? शेजारच्या फळीवर लेफ ब्रून आणखी स्वस्त असते, ती याच जातीची का? आणि अख्खा क्रेट घेतला तर किती दिवस चांगला राहील?

सातूवाला

आधी तापमान, कारण निम्म्या शंका तिथेच मिटतात. डुबेलसाठी ब्रुअरी स्वतः ८ ते १४ अंश सेल्सियस सांगते. घरातला फ्रिज ४-५ अंशांवर असतो. इतक्या थंडीत सुगंध देणारे एस्टर फारसे उडत नाहीत आणि जिभेला गोडवाही कमी कळतो. उरतो तो कडवटपणा आणि बुडबुड्यांचा टोचरेपणा. साधारण २० अंशांच्या खोलीत बाटली अर्धा तास टेबलावर उभी ठेवा, ती १० अंशांच्या जवळ येईल. तिथून सुरुवात करायची. पिता पिता ग्लासातली बिअर १४ अंशांपर्यंत चढते आणि शेवटचे घोट पहिल्यापेक्षा जास्त बोलके लागतात. म्हणून ही बिअर घाईने संपवू नये. उलट २० अंशांच्या वर गेली की अल्कोहोल नाकात चढतो आणि गोडवा चिकट वाटायला लागतो. उन्हाळ्यात ग्लास अर्धा संपेपर्यंतच ही वेळ येते, तेव्हा ८ अंशांवरून सुरू केलेलं बरं.

आता ओतणं. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली बिअर आहे, त्यामुळे नेहमीच्या फिकट बिअरपेक्षा (लागरपेक्षा) तिच्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. सायकलच्या पिशवीतून घरी आणलेली बाटली लगेच उघडली तर फेस उसळणारच आणि गाळही सगळीकडे मिसळलेला असेल. किमान एक रात्र उभी राहू द्या. ग्लास गार पाण्याने विसळून ओलाच ठेवा. कोरड्या काचेच्या खरखरीत जागांवर फेस भसाभसा वाढतो. ग्लास ४५ अंशांत तिरका धरून बिअर कडेवरून सोडा, अर्ध्याच्या वर गेल्यावर ग्लास सरळ करा आणि थोड्या उंचीवरून ओता. तीनेक सेंटिमीटर फेस आला पाहिजे. तो टाळायचा नाही: वायू थोडा निघून जातो म्हणून पोट फुगत नाही, आणि सुगंध फेसातूनच वर येतो. मुख्य म्हणजे हे सगळं एका दमात. मध्ये बाटली सरळ केली की गाळ हलतो आणि पुढची धार गढूळ येते. तळाशी साधारण एक सेंटिमीटर शिल्लक राहिली की थांबा.

ग्लास रुंद तोंडाचा, जाड देठाचा. ब्रुअरीचाच चषक मिळाला तर उत्तम, कारण त्यात ३३ सेंटिलिटर बिअर आणि फेस दोन्ही मावतात. तो नसेल तर रेड वाइनचा मोठा ग्लास चालतो. उंच सरळ पाइंट ग्लासात सुगंध धड जमा होत नाही.

फेस दोन मिनिटांत विरत असेल तर दोष बहुधा ग्लासाचा असतो. तेला-तुपाच्या भांड्यांबरोबर घासलेल्या ग्लासावर स्निग्ध पापुद्रा राहतो, आणि डिशवॉशरमधलं चकाकी आणणारं द्रव्यही तेच करतं. ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरवून बघा: स्वच्छ काचेवर ते सगळीकडे सारखं चिकटतं, तेलकट जागा मोकळ्या राहतात. ओतल्यावर बुडबुडे काचेला आतून चिकटून बसले तरी हेच समजायचं. बिअरचे ग्लास वेगळ्या घासणीने, हाताने धुवा आणि उलटे निथळू द्या. फडक्याने पुसू नका.

कोंडाभाकर

रंगाचं उत्तर देतो, या बिअरचं मर्म तिथेच आहे. स्टाउटचा काळेपणा करपेपर्यंत भाजलेल्या सातूतून येतो, म्हणून कॉफी आणि राख. डुबेलचा पाया फिकट पिल्सनर माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या सातूचा) असतो. रंग आणि बरीचशी चव येते ती गडद कँडी साखरेतून आणि थोड्या कॅरॅमल माल्टमधून. कँडी साखर बीटपासून करतात. ती तापवत नेली की क्रमाने टॉफी, मनुका, सुकं अंजीर, शेवटी किंचित जळक्या साखरेकडे झुकणारी चव तयार होते. फळ एकही घालत नाहीत. पिकलेल्या केळ्याची झाक आणि लवंग-मिऱ्यासारखा मसालेदारपणा यीस्टचा: केळं आयसोअमाइल अॅसिटेट या एस्टरमुळे, लवंग फिनॉलमुळे.

अजून एक गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. वास गोड येतो, पण घोट गिळल्यावर तोंड कोरडं होतं. यीस्ट ही साखर जवळजवळ पूर्ण खाऊन टाकतं, मागे जडपणा उरत नाही. सगळा सातूच वापरून ७% बिअर केली असती तर ती दाट आणि पोटभरू झाली असती. डुबेल चांगली की वाईट हे ओळखायची माझी खूण हीच: शेवट कोरडा हवा. तोंडात साखर रेंगाळली तर ती नुसती गोड तपकिरी बिअर.

लेफ ब्रून (६.५%) या कसोटीवर मागे पडते. वाईट नाही, पण गोडवा जास्त, शेवट मऊ आणि तळाशी यीस्ट नाही. ती लुव्हेनला एबी इनबेव्हच्या मोठ्या कारखान्यात तयार होते. दिनाँच्या लेफ मठाला नावाच्या वापराबद्दल मोबदला मिळतो. अशा बिअरला अॅबी बिअर म्हणतात. ट्रॅपिस्ट (ट्रॅपिस्ट पंथाच्या साधूंच्या मठातली) हा शब्द त्याहून कडक आहे. षट्कोनी ‘ऑथेंटिक ट्रॅपिस्ट प्रॉडक्ट’ चिन्हासाठी बिअर मठाच्या आवारातच व्हावी लागते, साधूंच्या हातून किंवा त्यांच्या देखरेखीखाली, आणि निर्वाह व आवाराची देखभाल भागल्यावर उरलेली कमाई समाजकार्याला द्यावी लागते. बेल्जियममध्ये आज हे चिन्ह वेस्टमाले, वेस्टफ्लेटरन, शिमे, ओरवाल आणि रोशफोर यांच्याकडे आहे. आखेलच्या मठात साधू उरले नाहीत म्हणून २०२१ मध्ये त्यांचं चिन्ह गेलं. बिअर तीच, कृती तीच, तरी गेलं. नियम चवीचा नाही, मठाचा आहे.

वेस्टमालेबद्दल थोडं. अँटवर्प प्रांतातला हा मठ १७९४ चा. १० डिसेंबर १८३६ रोजी तिथल्या साधूंनी जेवणाबरोबर स्वतःची पहिली बिअर घेतली. १८५६ पासून दारावर विक्री आणि त्याच वर्षी गडद, जोरकस प्रकार. आज आपण पितो ती डुबेल १९२६ मध्ये सुधारलेल्या कृतीवर उभी आहे. १९१९ च्या कायद्याने बेल्जियमच्या कॅफेंमध्ये कडक मद्य विकायला बंदी आली होती, तेव्हा जोरदार बिअरला आपोआप गिऱ्हाईक मिळालं. नंतर इतर मठांनी आणि साध्या ब्रुअरींनीही डुबेल हे नाव उचललं. म्हणजे दोन युरोंत मिळते ती या प्रकारातली मूळ बिअर, कुणाची नक्कल नव्हे. दुर्मीळ नाही म्हणून लोक तिला गृहीत धरतात, याचं मला वाईट वाटतं. वेस्टफ्लेटरन १२ साठी रांगा लावणाऱ्यांनी दोन्ही शेजारी ठेवून एकदा प्यावं. वेस्टफ्लेटरन मोठी आहे, पण रोज जेवणाबरोबर बसेल ती डुबेलच.

उभी_बाटली

गाळाबाबत सातूवाला यांच्याशी अर्धा सहमत. पहिला ग्लास स्वच्छच घ्यावा. पण उरलेला एक सेंटिमीटर फेकू नका. बाटली हलकेच घुसळून तो लहान पेल्यात घ्या आणि वेगळा चाखा: ब्रेडचं पीठ, अक्रोडाची साल, थोडा कडूपणा. ज्यांना आवडतं त्यांनी पुढच्या वेळी ग्लासात मिसळावं. त्यात ब गटातली जीवनसत्त्वं असतात आणि खाण्यात धोका काहीच नाही, फक्त नाजूक पोटाला यीस्टमुळे गॅस होऊ शकतो. मिसळल्यावर रंग मातकट होतो आणि मनुक्याची चव मागे सरते, एवढं मात्र खरं.

साठवणीचं सांगतो. बाटल्या उभ्या ठेवायच्या, वाइनसारख्या आडव्या नाही. आडवी ठेवली की यीस्ट बाटलीच्या अंगाला पट्टा धरून बसतं आणि ओतताना सुटतं. जागा अंधारी, १० ते १५ अंश. तापमान फार वरखाली होऊ नये. तपकिरी काच बराच उजेड अडवते, सगळा नाही. उजेडाने हॉप्समधले (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांमधले) कडू घटक फुटतात आणि गंधकाचा उग्र वास येतो, म्हणून दुकानात खिडकीजवळच्या फळीवरची बाटली घेऊ नका.

किती टिकेल? चांगल्या जागेत वर्ष-दोन वर्षं आरामात. पण या बिअरच्या बाबतीत मुरवण्याचं कौतुक नको. ताजी असताना जो फळांचा टवटवीतपणा असतो तो वर्षभरात ओसरतो, पुढे शेरीसारखी झाक येते आणि जागा उबदार असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा वास. मुरवायचीच हौस असेल तर शिमे ब्लू (९%) किंवा रोशफोर १० (११.३%) घ्या. त्यांच्यात अल्कोहोल आणि अंग (तोंडात जाणवणारा भरीवपणा) दोन्ही जास्त असल्याने पाच-सात वर्षांनी काहीतरी कमावलेलं दिसतं. क्रेट घ्यायचा तर चार-सहा महिन्यांत संपेल एवढाच, आणि रिकाम्या बाटल्या परत करा, ठेव परत मिळते.

अजून एक हिशेब. ३३ सेंटिलिटर, ७% म्हणजे सुमारे १८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. नेदरलँड्समध्ये प्रमाणित एक ग्लास १० ग्रॅमचा धरतात, तेव्हा ही एक बाटली जवळजवळ दोन ग्लास. रक्तातली ०.५ प्रति हजारची मर्यादा तिथे सायकलस्वारालाही लागू आहे आणि नवा परवाना असलेल्या चालकाला फक्त ०.२. चवीला सौम्य लागते म्हणून हे विसरायला होतं.

रानवारा

फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. आपल्या जेवणाबरोबर ती बसते का, की चीजवरच थांबायचं? आणि कँडी साखर म्हणजे आपल्या काकवीसारखीच का? घरी २० लिटरची बॅच करायची असेल तर काकवी चालेल का?

काळा_रस्सा

जेवणाचं मी सांगतो. तिखटाने सुरुवात करू नका. अल्कोहोल आणि बुडबुडे दोन्ही मिरचीची आग वाढवतात, म्हणून तांबड्या रश्श्याबरोबर डुबेल घेतली की बिअरही जाते आणि रस्साही. हिला हवं ते भाजलेलं. सुकं खोबरं आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजून केलेलं वाटण, त्यात मिरची बेताची, मटण सुकं: इथे भाजल्याची चव दोन्हीकडे असते आणि एकमेकांना धरून राहते. शाकाहारात भरली वांगी, शेंगदाणा-तीळ-गोडा मसाला घालून. गोडा मसाल्यातली लवंग आणि दगडफूल या बिअरच्या यीस्टशी विलक्षण जुळतात. चिंच, कोकम, व्हिनेगर असलेल्या पदार्थांबरोबर मात्र ती पातळ आणि धातूसारखी लागते. सोलकढीच्या ताटात तिचं काम नाही. पुरणपोळीबरोबरही नको: पोळी बिअरपेक्षा गोड, त्यामुळे बिअर एकदम कडू वाटते. चीजमध्ये जुनी गौडा घ्या, त्यातले कुरकुरीत कण आणि टॉफीची चव इथे चांगली खुलते.

शिजवायची असेल तर फ्लेमिश स्टोफव्लेस (बिअरमध्ये शिजवलेलं बीफ) करून बघा, पाहिजे तर मटण घालून. एक किलो खांद्याचं मांस मोठ्या तुकड्यांत, थोडे थोडे करून लोण्यात चांगले तपकिरी परतायचे. पातेल्यात एकदम गर्दी केली तर पाणी सुटतं आणि रंग येत नाही. मग ४०० ग्रॅम कांदा त्याच पातेल्यात सोनेरी करा, दीड बाटली डुबेल, दोन तमालपत्रं, थोडी थाइम. वरून ब्राउन ब्रेडच्या दोन स्लाइसवर मोहरीची पेस्ट लावून ती बाजू खाली करून ठेवायची. ब्रेड विरघळून रस दाट करतो. मंद आचेवर बीफला अडीच-तीन तास, मटणाला दोनच्या आत. यात बिघडतं ते शेवटी: रस आटला की हॉप्सचा कडूपणा आटत नाही, उलट दाट होतो. तेव्हा मीठ वाढवू नका, चमचाभर गूळ किंवा ब्राउन साखर घाला. प्रेशर कुकरमध्ये करायचं तर बिअर ओतल्यावर आधी झाकण न लावता दहा मिनिटं उकळा, नाहीतर अल्कोहोलचा वास आतच कोंडतो.

कोंडाभाकर

काकवी नको. काकवी उसाची, तिच्यात खनिजं आणि मळीचे घटक भरपूर. आंबवून गोडवा संपल्यावर मागे उरतो तो खारट-मातकट, किंचित लोखंडी स्वाद. कँडी सिरप शुद्ध साखरेचं असतं, म्हणून त्याच्यामागे मनुका आणि टॉफीच उरतात. नेदरलँड्समध्ये ब्रुइंगच्या दुकानांत गडद कँडी सिरप सहज मिळतं, तेच आणा. लिक्विड कॅरॅमल रंगही घेऊ नका, त्याने रंग येतो, चव नाही.

२० लिटरसाठी: पिल्सनर माल्ट ४.५ किलो, म्युनिक माल्ट ५०० ग्रॅम, स्पेशल बी (गडद कॅरॅमल माल्ट) २५० ग्रॅम, गडद कँडी सिरप ५०० ग्रॅम. उपकरणाची कार्यक्षमता ७५% धरली तर सुरुवातीची घनता १.०६६ च्या आसपास येते, शेवट १.०१२ ला झाला तर अल्कोहोल ७%. स्पेशल बी यापेक्षा वाढवू नका: अर्ध्या किलोवर गेलं की मनुका जाऊन करपट साखर येते. मॅश (दळलेला माल्ट गरम पाण्यात मुरवणं) ६५ अंशांवर ७५ मिनिटं. ६८-६९ वर केलात तर न आंबणारी साखर वाढेल आणि तो कोरडा शेवट हातचा जाईल. उकळ ९० मिनिटं, झाकण उघडं, कारण पिल्सनर माल्टमधून निघणारा उकडलेल्या मक्याचा वास वाफेबरोबर जायला हवा. हॉप्स स्टिरियन गोल्डिंग्ज, ५% आल्फा (कडू आम्लांचं प्रमाण) असेल तर ३५ ग्रॅम, शेवटच्या ६० मिनिटांसाठी. बास, शेवटी सुगंधाचे हॉप्स लागत नाहीत. सिरप आच बंद करून घाला आणि ढवळत राहा, ते तळाला बसून लागतं.

यीस्ट म्हणून वायईस्ट ३७८७ किंवा व्हाइट लॅब्ज ५३०. दोन्ही वेस्टमालेच्या वाणाचे मानले जातात. १८ अंशांवर घाला, पहिले दोन-तीन दिवस २० च्या वर जाऊ देऊ नका, मग सावकाश २२ पर्यंत. पहिल्याच दिवशी २५ वर गेलं तर केळं आणि डोकं धरवणारे जड अल्कोहोल. उलट मध्येच गार झालं तर हे यीस्ट झोपतं आणि घनता १.०२० ला अडकते. फेस प्रचंड वर येतो, म्हणून पात्रात किमान एक तृतीयांश जागा मोकळी ठेवा आणि साध्या एअरलॉकऐवजी (वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेऐवजी) जाड नळी पाण्याच्या भांड्यात सोडा.

बाटलीत भरताना लिटरला ८ ग्रॅम साखर, म्हणजे २० लिटरला १६० ग्रॅम. तीन दिवस घनता तिळमात्र हलली नाही याची खात्री झाल्यावरच भरा. या दाबाला पातळ काचेच्या बाटल्या फुटतात. परत करायच्या जाड बेल्जियन बाटल्या वापरा. २१-२२ अंशांवर तीन आठवडे, मग तळघरात महिनाभर. त्याआधी उघडलीत तर कँडीची चव आणि अल्कोहोल एकमेकांत मुरलेले नसतात.

सातूवाला

कोंडाभाकर यांच्या कृतीला एकच जोड: नेदरलँड्समध्येही टिलबर्गजवळ कोनिंग्सहुव्हन मठ आहे. तिथली ला ट्राप डुबेलही ७% आणि ट्रॅपिस्ट आहे, पण वेस्टमालेपेक्षा गोड आणि गुबगुबीत. स्वतःची बॅच करण्याआधी दोन्ही एकाच तापमानाला शेजारी ठेवून प्या, म्हणजे आपल्याला कोणत्या बाजूला जायचंय ते कळेल. वेस्टमालेच्या मठासमोरच्या कॅफे ट्रॅपिस्टनमध्ये डुबेल नळावरची मिळते. तिच्यात बुडबुडे कमी आणि अंग मऊ. ट्रिपेल (त्यांची फिकट, जास्त जोरकस बिअर) मात्र बाटलीतलीच.

उभी_बाटली

कुणी पुण्या-मुंबईकडे नेणार असेल तर: भारतात एका प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं, ३३ सेंटिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, बरोबर मर्यादेत. चेक-इन बॅगेतच, वजन साधारण चार किलो. प्रत्येक बाटली वेगळी कपड्यात गुंडाळून प्लास्टिक पिशवीत, बॅगेच्या मध्यभागी. सामानाच्या कप्प्यातही हवेचा दाब राखलेला असतो, त्यामुळे झाकणं उडत नाहीत. फुटतात त्या आपटून. पोचल्यावर दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, मगच उघडा. आणि बाकीच्याही फ्रिजमध्येच ठेवा. ३२-३५ अंशांच्या खोलीत कपाटात ठेवलेली डुबेल दोन-तीन महिन्यांत पुठ्ठ्यासारखी लागायला लागते.